साधनासोबतचे शिकणे आणि साधनाविना उरणारे शिकणे: तंत्रज्ञानावरच्या शैक्षणिक संशोधनात नेमके काय मोजले जाते?

रेघोटी (धागाकर्ती)

तंत्रज्ञानाच्या साहाय्याने होणाऱ्या शिक्षणावरचा कोणताही शोधनिबंध हाती आला, की मी निष्कर्षाआधी मापनाचा भाग वाचते. शिकणे झाले हे संशोधकाने कशावरून ठरवले, एवढेच मला तिथे शोधायचे असते. पुष्कळ निबंधांत मांडणी अशी असते की संगणकावर सराव करून घेतला, त्याच संगणकावर त्याच धर्तीची प्रश्नपत्रिका सोडवून घेतली आणि गुण वाढल्याचे दिसले. ही वाढ शिकणाऱ्याच्या समजुतीत झाली, की शिकणारा आणि संगणक या जोडीच्या कामगिरीत झाली, हे अशा मांडणीतून कळूच शकत नाही.

हा भेद गॅव्ह्रिएल सॉलोमन, डेव्हिड पर्किन्स आणि तामार ग्लोबरसन यांनी १९९१ साली स्पष्ट शब्दांत मांडला होता. साधन हाताशी असताना माणसाची जी क्षमता वाढते ती एक, आणि साधन बाजूला ठेवल्यावरही त्याच्या विचारात जो बदल मागे उरतो तो दुसरा. या दोहोंची गल्लत करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही परिणाम खरे आहेत आणि दोन्ही अभ्यासण्याजोगे आहेत. मात्र एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

या धाग्यापुरते माझे म्हणणे असे, की संशोधन पद्धतींवरून होणारे बरेचसे वाद मुळात पद्धतींचे नसतात. ‘शिकणे’ कशाला म्हणायचे याची जी निवड दोन्ही बाजूंनी मनातल्या मनात केलेली असते, तिचे ते वाद असतात. लोगो या संगणकीय भाषेचे उदाहरण घ्या. मुले प्रोग्राम लिहू लागली की त्यांची एकूण विचारशक्तीच बदलेल, अशी मोठी आशा लोगोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सेमूर पेपर्ट यांच्या लेखनातून १९८०च्या सुमारास निर्माण झाली. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी ती आशा तपासून पाहिली. लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातल्या कामांचे नियोजन करायला सांगितले, तेव्हा ती लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. पेपर्ट यांनी १९८७ साली उत्तर दिले, की असा प्रयोग संगणकाला एकटे पाडून त्याचा परिणाम विचारतो, तर मुलांवर परिणाम होतो तो संगणकाभोवती उभ्या राहणाऱ्या संपूर्ण संस्कृतीचा. या विचारपद्धतीला त्यांनी तंत्रकेंद्री म्हटले.

एका बाजूला साधनाविना उरणारे कौशल्य हवे होते, दुसऱ्या बाजूला साधनासह घडणारे जगणे. दोघांनी एकमेकांचा पुरावा नाकारला आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला. संशोधनाचा आराखडा करताना ही निवड उघडपणे कशी मांडावी, आणि कोणती पद्धत कोणत्या परिणामाला दृष्टीआड करते, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मापनवेडा

भेद मान्य आहे. परंतु शिकण्याची व्याख्या कितीही काळजीपूर्वक केली, तरी झालेल्या बदलाचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न त्यातून सुटत नाही. १९८३ साली रिचर्ड क्लार्क यांनी नेमके इथेच बोट ठेवले. किराणा माल वाहून आणणारा ट्रक जितका आपले पोषण बदलतो, तितकेच माध्यम शिकणाऱ्याचे यश बदलते, हे त्यांचे वाक्य फार गाजले. ते अनेकदा तुच्छतादर्शक म्हणून उद्धृत होते, पण त्यामागचा युक्तिवाद पद्धतीचा होता. संगणकाच्या गटाला बहुधा वेगळा पाठ, अधिक बारकाईने रचलेला सराव आणि नवलाईचा उत्साहही मिळतो. मग फरक पडला तो यांपैकी कशामुळे, हे त्या तुलनेतून सांगता येत नाही.

या आक्षेपाची धार आजही गेलेली नाही. राना तमीम आणि सहकाऱ्यांनी २०११ साली चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. २५ मेटा-अ‍ॅनालिसिस (म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष) आणि त्यांच्या पोटात १,०५५ मूळ अभ्यास, असा त्याचा पसारा होता, आणि तंत्रज्ञानाच्या बाजूने सरासरी परिणाम सुमारे एक-तृतीयांश प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) इतका निघाला. आकडा ठळक आहे, पण त्यात कोणते तंत्रज्ञान, कोणती अध्यापनरीती आणि कोणती चाचणी, हे सगळे एकत्र कालवले गेले आहे.

म्हणून मी यादृच्छिक वाटपाच्या, म्हणजे साधन कोणाला मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवणाऱ्या, प्रयोगाची बाजू घेतो. बीजगणिताच्या ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या संगणकीय शिकवणीची रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेतील सात राज्यांत, १४७ शाळांत केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षी परिणाम आढळला नाही. दुसऱ्या वर्षी हायस्कूलांत तो सुमारे ०.२० प्रमाण विचलन इतका आढळला. चाचणी कागदावरची की पडद्यावरची, साधनासह की साधनाविना, हा आपला प्रश्न अवश्य विचारावा, पण शाळांचे वाटप चिठ्ठ्या टाकून झाले नसते, तर दुसऱ्या वर्षीच्या वाढीवर विश्वास ठेवायला आधारच उरला नसता.

खिडकीपाशी

मापनवेडा, आपण दिलेलेच उदाहरण मी आपल्याविरुद्ध वापरतो. पहिल्या वर्षी काही नाही आणि दुसऱ्या वर्षी काही तरी, हे कशामुळे? शिक्षकांना साधन अंगवळणी पडले म्हणून, की मुलांच्या दोन तुकड्या वेगळ्या होत्या म्हणून, की शाळांनी वेळापत्रक बदलले म्हणून? प्रयोगाने श्रेय कार्यक्रमाला दिले खरे, पण कार्यक्रमाच्या आत काय घडले याविषयी तो मुका आहे. क्लार्क यांना उत्तर देताना रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ साली हाच मुद्दा धरला होता. माध्यमाच्या अंगभूत क्षमता आणि शिकणाऱ्याची त्या क्षणीची मानसिक खटपट एकमेकांत कशी गुंततात ते पाहा, माध्यम आणि अध्यापनरीती यांची ओढून ताणून फारकत करू नका, असा त्यांचा आग्रह होता.

ती गुंतवण दिसायची तर माणसे साधनापुढे बसलेली असताना त्यांच्याकडे पाहावेच लागते. जेरेमी रोशेल यांचा १९९२चा निबंध या बाबतीत अजूनही वाचण्याजोगा आहे. वेग आणि त्वरण बाणांच्या रूपाने दाखवणाऱ्या एका संगणकीय प्रतिकृतीपुढे दोन विद्यार्थिनी बसलेल्या आहेत. त्या अर्धवट वाक्ये बोलतात, पडद्यावर बोट फिरवतात, एकमेकींचे शब्द उचलून थोडे बदलून परत देतात, आणि हळूहळू दोघींची त्वरणाची समजूत एका जागी येऊ लागते. उत्तरचाचणीत एवढेच दिसले असते, की दोघींनी बरोबर उत्तर दिले. ते उत्तर कोणाच्या डोक्यात तयार झाले, या प्रश्नाला त्या चित्रफितीपुढे फारसा अर्थच राहत नाही, कारण ते दोघींच्या मध्ये, पडद्याच्या साक्षीने तयार झाले.

या पद्धतीची किंमत मोठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. काही मिनिटांच्या चित्रफितीचे शब्दांकन आणि विश्लेषण कित्येक तास खाते. शिवाय आपल्याला हवा तोच उतारा उचलण्याचा मोह होतो. ब्रिजिट जॉर्डन आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी १९९५ साली आंतरक्रिया विश्लेषणाची (माणसे एकमेकांशी आणि साधनांशी कशी वागतात ते चित्रफितीतून बारकाईने पाहण्याची) पद्धत मांडताना चित्रफीत गटाने एकत्र बसून पाहण्यावर भर दिला, तो याच मोहाला आवर घालण्यासाठी. एकाने सांगितलेल्या अर्थाला चित्रफितीत आधार नसेल, तर दुसरा तिथल्या तिथे अडवतो.

रेघोटी

खिडकीपाशी, रोशेल यांच्या निबंधाचा उल्लेख योग्य जागी आला. पण मग त्या दोघींपैकी एकीला दुसऱ्या दिवशी एकटीला, पडद्याविना, तोच प्रश्न दिला असता तर काय झाले असते? तुमच्या पद्धतीत हा प्रश्न विचारला जात नाही, आणि वर्गात मात्र शेवटी तोच विचारला जातो.

खिडकीपाशी

विचारता येतो, आणि विचारायलाही हवा. फक्त त्याच्या उत्तरावरून आधी घडलेले शिकणे खोटे ठरत नाही, एवढेच माझे म्हणणे. विमानाच्या कॉकपिटमध्ये कोणत्या वेळी किती वेग हवा याची आठवण वैमानिकांच्या डोक्यात किती आणि तबकडीवरच्या खुणांत किती, याचा एडविन हचिन्स यांनी अभ्यास केला. तिथे खुणा काढून टाकून वैमानिकांची परीक्षा घेणे निरर्थक ठरेल, कारण त्या खुणांसह उडणे हेच त्यांचे कौशल्य आहे. शाळेतले कोणते कौशल्य या जातीचे आणि कोणते नाही, हे आधी ठरवावे लागेल. ते ठरवणे संशोधकाच्या एकट्याच्या हाती नसते, त्यात अभ्यासक्रमाचा आणि समाजाचाही वाटा असतो.

नोंदवही

इथवरच्या चर्चेत प्रयोग आणि निरीक्षण हे दोनच ध्रुव दिसत आहेत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिसरा मार्ग रूढ झाला आहे, तो साधनानेच ठेवलेल्या नोंदींचा. अशा नोंदींतून शिकण्याचा माग काढणाऱ्या दोन जवळच्या शाखांपैकी शैक्षणिक डेटा मायनिंगची पहिली परिषद २००८ साली माँट्रियलला भरली, लर्निंग अ‍ॅनालिटिक्सची २०११ साली बॅन्फला. प्रत्येक कळ, संकेत (उत्तराकडे नेणारा इशारा) मागण्याची प्रत्येक वेळ, प्रत्येक उत्तरामागचा वेळ नोंदला जातो, त्यामुळे शिकणे घडत असतानाच ते पाहता येईल, अशी यामागची आशा होती.

या नोंदींवर मी काम करतो, म्हणूनच त्यांच्याविषयी सावधपणे लिहितो. नोंदीत शिकणे नसते. त्यात वर्तन असते आणि शिकण्याचा अंदाज आपण बांधतो. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९५ साली मांडलेले ‘नॉलेज ट्रेसिंग’चे प्रारूप यासाठी पुष्कळ वापरले जाते. त्यात प्रत्येक कौशल्यासाठी चार संभाव्यता असतात: कौशल्य आधीच येत असणे, सरावाच्या एका संधीत ते आत्मसात होणे, येत नसताना अंदाजाने उत्तर बरोबर येणे आणि येत असूनही हातून चूक होणे. हे प्रारूप सुटसुटीत आहे, पण जोसेफ बेक आणि काय-मिन चांग यांनी २००७ साली दाखवून दिले, की या चार आकड्यांचे एकमेकांपासून फार दूर असलेले संच त्याच नोंदींशी तितकेच उत्तम जुळू शकतात. एका संचानुसार मुलांना बरेचसे आधीपासून येत होते, दुसऱ्यानुसार ती अंदाजाने ठोकत होती. नोंदी त्याच, भाकिते तीच, आणि शिकण्याच्या कहाण्या मात्र वेगवेगळ्या.

दुसरा अनुभव रायन बेकर यांच्या कामातला आहे. काही विद्यार्थी विचार न करता संकेतांवर संकेत मागून, किंवा सगळे पर्याय एकामागून एक टाकून, शिकवणीला चकवतात. हे वर्तन नोंदींतून ओळखण्याचे तंत्र त्यांनी २००४च्या सुमारास विकसित केले, पण ते नोंदींच्या एकट्या बळावर झाले नाही. वर्गात माणसे बसली, त्यांनी मुलांचे निरीक्षण करून नोंदवले आणि मग त्या निरीक्षणांशी संगणकीय नोंदींचा मेळ घातला गेला. माझ्या मते या क्षेत्रात आजवर जे टिकले, त्यातले पुष्कळसे असे दुहेरी पायावर उभे आहे. निव्वळ नोंदींवर आधारलेले ‘सहभाग वाढला’ असे निष्कर्ष वाचताना, पडद्यापुढे घालवलेला वेळ हा रस घेण्याचा पुरावा आहे की अडकून पडण्याचा, हे विचारावे.

मापनवेडा

नोंदवही यांच्याशी पूर्ण सहमत. पण मग प्रश्नावलींचे काय करायचे, तेही कोणीतरी लिहा. ‘या साधनामुळे तुम्हाला अधिक शिकल्यासारखे वाटले का?’ या एका प्रश्नावर उभे राहिलेले निबंध मोजायला बसलो, तर हा धागा संपायचा नाही. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दाखवले, की सक्रिय पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. हा अभ्यास तंत्रज्ञानाचा नाही, तरी त्यातला इशारा इथे जसाच्या तसा लागू पडतो. सहज, अडथळ्याविना सरकणारा अनुभव म्हणजे शिकणे, असा आभास पडद्यावर तर अधिकच होतो.

तिसरा बाक

प्रश्नावली सरसकट निकालात काढू नये. विद्यार्थ्याचे समाधान, ताण, साधन पुन्हा वापरण्याची इच्छा या गोष्टी त्यालाच विचाराव्या लागतात. फक्त त्यांना शिकण्याचे माप म्हणू नये.

मोठ्याने विचार करायला लावण्याच्या पद्धतीतही असाच एक सूक्ष्म धोका आहे, आणि नवे संशोधक त्यात हमखास सापडतात. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की मनात जे येते ते फक्त बोलत जा, एवढेच सांगितले तर विचाराचा क्रम सहसा बदलत नाही, गती तेवढी मंदावते. पण ‘असे का केले?’ असे मध्येच विचारले, की माणूस कारणे शोधू लागतो आणि विचारच बदलतो. शिवाय स्वतःला समजावून सांगण्याने शिकणे सुधारते, हे मिशलीन ची यांच्या कामातून आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे साधनाचा परिणाम मोजायला बसलेला संशोधक नकळत शिकवून मोकळा होतो.

आता मूळ प्रश्नाविषयी. अ‍ॅन ब्राउन यांनी १९९२ साली प्रयोगशाळेतून वर्गात येताना ‘डिझाइन एक्स्परिमेंट’ची कल्पना मांडली, अ‍ॅलन कॉलिन्स यांनीही त्याच सुमारास. साधन रचायचे, वर्गात वापरायचे, काय बिघडले ते पाहून पुन्हा रचायचे आणि या फेऱ्यांतून सिद्धान्तही घडवायचा. याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की सगळे एकाच वेळी बदलत असेल तर काय शिकलात ते सांगणार कसे? निवडक उतारे दाखवण्याच्या धोक्याची जाणीव खुद्द ब्राउन यांनी त्याच निबंधात दिली होती. विल्यम सँडोवाल यांनी २०१४ साली सुचवलेला अनुमानांचा नकाशा मला या आक्षेपावरचे सर्वांत उपयोगी उत्तर वाटते. साधनातल्या कोणत्या सोयीमुळे वर्गात कोणती प्रक्रिया घडेल हे एक अनुमान, आणि त्या प्रक्रियेमुळे कोणते शिकणे होईल हे दुसरे. दोन्ही आधीच कागदावर आणायची आणि वेगवेगळी तपासायची. प्रक्रिया घडलीच नाही तर दोष रचनेत, आणि प्रक्रिया घडूनही शिकणे झाले नाही तर दोष सिद्धान्तात. रेघोटी यांना जी निवड उघड हवी आहे, ती या नकाशाच्या शेवटच्या, म्हणजे अपेक्षित शिकण्याच्या, रकान्यात लिहावीच लागते, टाळता येत नाही.

लोगोच्या प्रकरणालाही याच दिशेने पुढचा भाग आहे. डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी १९८८ साली, प्रोग्राममधली चूक शोधण्याची रीत मुलांना आपोआप येईल असे गृहीत न धरता, ती पायरीपायरीने शिकवली. मग ती मुले लिखित सूचनांमधल्या चुकाही, म्हणजे संगणकाविना, अधिक चांगल्या शोधू लागली. पी आणि कर्लंड यांचा निष्कर्ष त्यामुळे खोटा पडला नाही, आणि पेपर्ट यांचाही नाही. नुसत्या सहवासाने कौशल्याचे संक्रमण (एका कामातले कौशल्य दुसऱ्या कामात उतरणे) होत नाही, पण नेमके कोणते कौशल्य संक्रमित व्हावे हे ठरवून शिकवले तर होऊ शकते, असा मधला आणि अधिक उपयोगी निष्कर्ष हाती आला.

ओली शाई

या चर्चेने माझी अडचण वाढली आहे, म्हणून थेट विचारते. भाषिक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निबंधलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर मी संशोधन प्रस्ताव लिहीत आहे. मार्गदर्शकांचा आग्रह आहे, की दोन गट करावेत, एका सत्रानंतर दोघांच्या निबंधांना गुण द्यावेत आणि तुलना करावी. एवढे पुरेसे आहे का?

मापनवेडा

पुरेसे नाही, आणि हे मी प्रयोगाचा पक्षपाती असूनही सांगतो. हमसा बस्तानी आणि सहकाऱ्यांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमधले सुमारे हजार विद्यार्थी, विषय गणित. साधा चॅटबॉट मिळालेल्या गटाची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. थेट उत्तर न देता संकेत देणारा, शिक्षकांच्या सूचनांनी बांधलेला चॅटबॉट मिळालेल्या गटाची १२७ टक्क्यांनी. नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट ज्यांना साधन कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला, आणि दुसऱ्या गटाची ती हानी बहुतांशी टळली. सरावाच्या गुणांवर संशोधन थांबले असते, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. तुमच्या आराखड्यात निबंध साधनासह लिहून घेतला जाणार असेल, तर तुम्ही त्या सरावाच्या टप्प्यावरच थांबत आहात.

रेघोटी

ओली शाई, साधनाविना एक निबंध अवश्य लिहून घ्या, आणि जमल्यास काही आठवड्यांनी आणखी एक. पण साधनासहचा निबंधही सोडू नका. त्या विद्यार्थ्यांना पुढे साधनासहच लिहायचे असेल, तर साधनाला चांगली सूचना देणे, आलेल्या मजकुरातली चूक ओळखणे, काय नाकारायचे ते ठरवणे ही कौशल्येही शिकण्यात मोडतात. दोन्ही निबंधांना एकाच निकषांनी गुण देऊ नका, एवढे मात्र कटाक्षाने पाळा. गुण देणाऱ्यांना कोणता निबंध कोणत्या गटाचा हे कळू देऊ नका.

खिडकीपाशी

आणि मोजक्या विद्यार्थ्यांचा पडदा, त्यांच्या संमतीने, लिहिताना चित्रित करा. मसुद्यातले वाक्य त्यांनी स्वतः फिरवले, की तीनदा नवे मागवून तिसरे चिकटवले, हे तयार निबंधात दिसणार नाही. गुणांमध्ये फरक आला तर त्याचे कारण तुम्हाला तिथे सापडेल, आणि नाही आला तर तो का आला नाही हेही.

नोंदवही

एक व्यावहारिक सूचना, जी प्रस्तावांत क्वचितच दिसते. विद्यार्थ्याने साधनाला दिलेली प्रत्येक सूचना आणि आलेले प्रत्येक उत्तर जपून ठेवाच, पण त्यासोबत साधनाची आवृत्ती आणि तारीखही नोंदवा. ही साधने सत्राच्या मध्येच, कोणतीही पूर्वसूचना न देता बदलतात. पहिल्या महिन्यातला गट आणि तिसऱ्या महिन्यातला गट यांच्यात फरक आढळला आणि आवृत्तीची नोंद नसली, तर बदलले ते विद्यार्थी की साधन, हे नंतर कोणत्याही सांख्यिकी तंत्राने शोधता येणार नाही. शक्य असेल तर एकच आवृत्ती संपूर्ण सत्रभर गोठवून मिळेल अशी व्यवस्था प्रस्तावातच मागून घ्या. दोन्ही गट मात्र एकाच काळात चालवा, एकामागून एक नकोत.